पपनसावरचं बोट

नोकरीची ऑर्डर हातात पडली त्या दिवशी आमच्या आईने अख्ख्या धारगळ गावात सांगून टाकलं, "आमच्या सुमतीक सरकारान बोटां बघूक ठेवल्यानी." झालं! दुसऱ्या सकाळी पडवीत माणसं हात पुढे करून बसलेली. एकीला मुलीचं लग्न कधी जमेल ते हवं होतं, एकाला बांधावरून चाललेला खटला कोण जिंकणार ते. मी सांगून दमले की मी तळहात बघत नाही, बोटांची टोकं बघते. "मगे टोकां बघ," आमची शेजारीण म्हणाली, "टोकांर काय लिवलेला आसा ता सांग." मी म्हटलं, "चोरी केलीस तर सापडशील, एवढंच लिहिलंय." तिने हात असा काही मागे ओढला की मला आजही तिच्याबद्दल संशय आहे.

आता निवृत्त झालेय, तर एकदा हे नीटच सांगून टाकते. बोटांच्या पेरांवर बारीक उंच रेघा असतात. कुणाच्या भोवऱ्यासारख्या, कुणाच्या वळणाच्या, कुणाच्या कमानीसारख्या. आईच्या पोटात उमटतात त्या मरेपर्यंत तशाच, आणि एकाच्या दुसऱ्यासारख्या नसतात. जुळ्यांच्यासुद्धा नाहीत. बोटाला घाम, तेल, तूप जे काही लागलेलं असेल त्याचा छाप गुळगुळीत वस्तूवर बसतो. तो सहसा दिसत नाही, म्हणून मऊ ब्रशाने वर पूड मारायची, म्हणजे रेघा उठून येतात. फोटो घ्यायचा, चिकटपट्टीने छाप उचलायचा, कार्डावर लावायचा आणि मग भिंग घेऊन मान मोडेपर्यंत दुसऱ्या छापांशी ताडून बघायचा. इतकंच. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं. पाठीमागे संगीत तर कधीच वाजलं नाही, फारतर घरातल्या कुणाची तरी रड.

त्यातही प्रत्येक गावाची तऱ्हा वेगळी. गोव्यात लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा शिरगाव-मुळगावकडे पूड मारायची गरजच नसे. खिडकी म्हणू नका, टीव्ही म्हणू नका, सगळ्यावर तांबडी धूळ. चोराने हात ठेवला की ठसा आपोआप तयार. अडचण एवढीच, की घरच्यांचे, शेजाऱ्यांचे आणि पंचनाम्याला आलेल्या हवालदाराचे ठसेही तितकेच सुंदर उठत. पेडण्याच्या बाजूला आणि पलीकडे सिंधुदुर्गात उलट. तिथे काजू. काजूच्या टरफलातलं तेल बिब्ब्यासारखं जाळतं. रोज काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी निघते, रेघा जातात, आणि ठसा घ्यावा तर कागदावर नुसता काळा डाग. काम सोडलं, हातांना विसावा मिळाला, की काही महिन्यांनी त्याच रेघा जशाच्या तशा परत येतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पोलिसांच्या ठसे विभागात मी पहिली बाई. त्याबद्दल एकदा माझा सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणात मला रणरागिणी वगैरे म्हणून झालं. सत्कार आटोपून कचेरीत आले तर साहेब म्हणाले, "मॅडम, चहात साखर जरा बेतानं घाला हं, आम्हांला कमी लागते." मी चहा केला. इतका वाईट केला की त्यानंतर त्या कचेरीत मला कुणी चहा सांगितला नाही. बाहेर तर त्याहून मजा. पेटी घेऊन गाडीतून उतरले की घरवाले माझ्या पाठीमागे बघत राहायचे, साहेब कधी उतरतात म्हणून. पेडण्यातल्या एका घरी एका बाईने माझी पेटी बघितली आणि कडेवरचं पोर पुढे केलं, "डोस द्या." मी म्हटलं, "बाई, मी चोरीसाठी आलेय." ती म्हणाली, "ता मगे करा, पयलो डोस द्या."

माझ्या बरोबर असायचा फोटोग्राफर आंतोन. चांगला गलेलठ्ठ, हसरा, आणि कॅमेऱ्यापेक्षा नेवऱ्यांवर, म्हणजे करंज्यांवर, जास्त नजर असलेला. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, विभागातले सगळे हिंदू पुरुष सुट्टीवर जात. ड्यूटीला उरत आंतोन आणि मी. आंतोन ठीक आहे, त्याला त्याचा नाताळ मोकळा मिळायचा. पण मी? माझ्याही घरी गणपती होताच की! विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुमच्या घरी आई आहे ना करायला." ह्यांच्या घरी जणू गणपतीचं सगळं हेच करत होते. एका हाताने आरतीचं तबक फिरवायचं आणि दुसऱ्याने ताट पुढे ओढायचं, एवढं ह्यांचं काम.

तर ती गोष्ट चवथीच्या पाचव्या दिवसाची. संध्याकाळी विसर्जन, सकाळी मी धारगळच्या घरी खतखत्याच्या भाजीसाठी सुरण चिरत बसलेली, हातांना खाज, आणि फोन वाजला. मुळगावात एका घरी गणपतीच्या गळ्यातला सोन्याचा गोफ नाहीसा झाला होता. आई सुरणाची फोड उगारून म्हणाली, "चोरांक चवथ नाय? आजच सुचला तेंका?" तोवर आंतोन दारात गाडीचा हॉर्न वाजवत उभा. त्याच्या अंगावर नवा शर्ट होता. मी विचारलं, "हा कशाला?" तर म्हणाला, "बाई, हिंदूंच्या घरा वतां न्ही, सणाच्या दिसा."

मुळगावचं ते घर शेतकऱ्याचं, पण नुकतंच दुरुस्त करून लाद्या बसवलेलं. त्या कुटुंबाची चार ठिकाणी पांगलेली माणसं चवथीला तिथे एकत्र जमत. घराचे कर्ते आबा, मऊ स्वभावाचे, ज्यांचं घरात कुणी ऐकत नसे. त्यांचा मुलगा दामोदर, खाणीवरच्या ट्रकचा ड्रायव्हर. दामोदरची बायको रूपाली, बांद्याकडची, त्याच वैशाखात लग्न होऊन आलेली, तिची ह्या घरातली पहिली चवथ. आणि आबांची थोरली बहीण, कमळाआते. आत्याला आमच्याकडे आते म्हणतात, आणि ह्या घरात आबाही तिला आतेच म्हणत. ही आते लग्न करून पणजीला गेलेली, पण चवथीला माहेरी यायची आणि आल्या दिवसापासून घर ताब्यात घ्यायची. आत शिरण्यापूर्वी अंगणातच मला तिचा आवाज ऐकू आला. "ह्या घराची भांडी घासून घासून माझे हात झिजले. हे गुडघे ह्या घरापायी गेले. माझ्यासमोर असा कधी झाला नाय!"

अंगणात दामोदर भेटला. त्याने थोडक्यात सांगितलं. सकाळची आरती झाली तेव्हा गोफ मूर्तीच्या गळ्यात होता. मग सगळे चहाला आत गेले. रूपाली फुलं घेऊन परत आली तर गोफ नाही. ती ओरडली, हा धावत आला, आणि कुणाला काही न विचारता ह्याने पोलिसांना फोन लावला. "आते माझ्यार रागावली," तो म्हणाला, "पोलिसांक कित्याक बोलयलंय म्हणान. पण बाई, गणपतीच्या खोलीत रूपालीच होती. आता सगळे तिच्याकडे बघतायत. आते म्हणता, संध्याकाळी विसर्जनाक तिचो भाव येतलो, त्याच्याच गाडयेर बसवन तिका धाडा. मी..." तीस टनांचा ट्रक घाटातून उतरवणारा बाप्या, आणि आत्येपुढे ह्याची जीभ उचलत नव्हती. मला त्याचा राग आला आणि दयाही आली.

म्हणजे संध्याकाळपर्यंत गोफाचा छडा लागला नाही, तर पहिल्याच चवथीला ती पोर चोर म्हणून माहेरी जाणार होती. एकदा अशी गेलेली सून परत येत नाही. आली तरी त्या घरात कपाट उघडताना जन्मभर दोन डोळे पाठीवर असतात.

दारात आते उभी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाईमाणूस धाडला?" मी म्हटलं, "हो, चोरी मोठी आहे म्हणून." मग ती म्हणाली, "पाय धू. आंघोळ करून आलीस ना? आणि... अडचण नाय ना काय?" आंतोनसमोर! इतक्या वर्षांत साहेब लोक किती देवघरांत शिरले, एकालाही कुणी आंघोळीचं विचारलं नव्हतं, आणि त्यांतल्या दोघांना तरी विचारायला हवं होतं. मी पाय धुतले. आंतोनला उंबऱ्याबाहेर खुर्ची मिळाली आणि खुर्चीबरोबर नेवऱ्यांची बशी, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती.

आत पाऊल टाकलं. खोली आरशासारखी लखलखत होती. लाद्या ओल्या, चौरंग पुसलेला, समया घासलेल्या, दाराची कडी चिंचेने चकचकीत केलेली. खिडकीच्या गजांवरून ओल्या फडक्याचे ओघळ उतरत होते.

"हे कुणी पुसलं?" मी विचारलं.

"मी," कोपऱ्यातून बारीक आवाज आला. ती रूपाली. डोळे रडून सुजलेले, पदर कमरेला खोचलेला, हातात अजून फडकं.

"कशाला गं?"

आबा कौतुकाने म्हणाले, "पोलीस यायचे होते ना, बाई. परकी माणसं घरात येणार, घर असं कसं ठेवणार? आतेनंच सांगितलं, सगळा स्वच्छ पुसून काढ म्हणान."

कपाळाला हात लावला मी! खून झाला तर आमचे लोक आधी प्रेताला आंघोळ घालतील आणि मग पोलिसांना सरबत विचारतील. पाहुण्यांसाठी घर आवरायचं हे रक्तातच आहे, त्याला काय करणार? तरी मी पेटी उघडली. चौरंगाच्या कडेवर पूड मारली, समईच्या दांड्यावर मारली, कडीवर मारली. काही नाही. आते मागून म्हणत होती, "सांभाळून हां. गणपतीक काळा लावशीत!" थोड्या वेळाने माझ्या नाकाला काळं लागलं, ते मात्र तिने सांगितलं नाही. आंतोनने बाहेरून खूण केली तेव्हा कळलं.

आबा हळूच म्हणाले, "आपण देवीक कौल लावया काय?" कौल म्हणजे देवाच्या मूर्तीवर कळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा, कळी उजवीकडे पडली की एक उत्तर, डावीकडे पडली की दुसरं. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळ्याला लावतात. मला वाटलं आते आता उडी मारून हो म्हणेल. तर ती एकदम खेकसली, "नको! चवथीच्या दिसांनी देवीक त्रास कसलो?" दामोदर चकित होऊन म्हणाला, "आते, तू पडसं झालं तरी कौल लावतंस!" आते म्हणाली, "तू गप." मी मनात एक गाठ मारली. माणूस पोलिसांसमोर खोटं बोलायला घाबरत नाही, देवीसमोर घाबरतं, हे माझ्या नोकरीने मला केव्हाच शिकवलं होतं.

दमून मी भिंतीला टेकून बसले आणि सहज वर बघितलं. वर माटोळी होती. परमुलखातल्या वाचकांसाठी सांगते. गणपतीच्या डोक्यावर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं बांधतात. नारळ, काकड्या, पिकलेल्या सुपारीचे पिवळेजर्द घोस, पपनसं, कांगलां, काय काय. एकदा बांधली की विसर्जनाची पूजा होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. पुसायचा तर प्रश्नच येत नाही. आख्ख्या खोलीत फडकं न फिरलेली तीच एक जागा होती. आणि त्यातल्या एका हिरव्यागार, गुळगुळीत पपनसावर मला एक लाल ठिपका दिसला.

"स्टूल आहे?" मी विचारलं.

"स्टूल कशाक?" आते म्हणाली.

स्टूल आलं. मी वर चढले. पपनसावर कुंकवात आणि तेलात माखलेलं बोट उमटलेलं. पूड मारायचीही गरज नव्हती. मूर्तीला कुंकू लावलेलं, समईचं तेल सांडलेलं, त्या गळ्यातून गोफ काढणाऱ्याच्या बोटाला हे दोन्ही लागलं असणार. आणि त्या पपनसाला लागूनच सुपारीचा घोस. घोसात, पिवळ्या सुपाऱ्यांच्या मध्ये, गोफ शहाण्या मुलासारखा गुंडाळून बसला होता.

मी काही बोलले नाही. का, ते सांगते. मी तिथेच 'सापडला!' म्हणून ओरडले असते तर आते म्हणाली असती, हिनेच लपवला होता, पोलिसांना भिऊन. गोफ मिळाला असता, पोर गेली असती. मला गोफ नको होता, माणूस हवं होतं. मी आंतोनला हाक मारली. तोंड पुसून, पाय धुवून, जानवं घातल्यासारखा सोवळ्यात तो आत आला, आणि स्टुलावर उभं राहून त्याने फोटो घेतले. स्टूल कण्हलं. आते म्हणाली, "बघा, आता पाव खाणारोय देवाच्या डोक्यार चढलो." आंतोन म्हणाला, "आते, नेवऱ्यो बऱ्यो जाल्यात."

फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून मी बराच वेळ बघितला. भोवरा. एक रेघ न एक रेघ जागेवर, नव्या नाण्यासारखी. मी सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि सांगितलं, "वरती एक बोट सापडलंय. आता घरातल्या प्रत्येकाचे ठसे घ्यायचे." एकच गोंधळ उडाला. शाईने काळी झालेली बोटं घेऊन आरती कशी करायची, जेवायचं कसं, सोवळ्याचं काय. आबांनी आधी हात पुढे केला, म्हणून बाकीचे गप्प झाले. मग दामोदर, मग बाकीची मंडळी. मग रूपाली आली. मी तिचं एकेक बोट शाईवर फिरवलं, कागदावर टेकलं. नुसते काळे डाग. दहाच्या दहा बोटांना एक रेघ म्हणून नाही.

"बघितलात?" आते उभीच राहिली. "ठसे पुसून टाकल्यान! सराईत चोरीण ती! पयल्या चवथीचा ओझा आयला ता बघूनच माका कळला होता, कसल्या घरातली ती." पहिल्या चवथीला सुनेच्या माहेराहून फळं, लाडू, नेवऱ्या येतात, त्याला ओझं म्हणतात. रूपालीच्या घरून आलेलं ओझं हलकं होतं. घरात चार दिवस ह्याच गोष्टीवरून कुजबुज चालू होती, हे मला तेव्हा कळलं. आणि आतेच्या पोटात काय होतं तेही.

रूपाली रडत म्हणाली, "मी काय घेवक नाय ओ, गणपतीची शपथ. माझ्या बोटांक काय झाला? माका खरंच ठसे नाय?"

"लग्नाआधी काय करायचीस?" मी विचारलं.

"काजूच्या फॅक्टरीत होतंय. सोलूक."

"आणि लग्नानंतर?"

आबांनी मान खाली घातली. ओटीच्या पलीकडे मोरीत पंगतीच्या भांड्यांचा डोंगर पडला होता, त्यावर राखेचा वाडगा. तिथे बसायची कोण, ते विचारायची गरजच नव्हती.

माझं डोकं तापलं. सरकारी माणसाने तापू नये, पण तापलं. मी म्हटलं, "ऐका सगळे. काजूच्या तेलाने आणि राखेने हिच्या बोटांच्या रेघा गेल्यात. वरच्या पपनसावर आहे त्या बोटाच्या सगळ्या रेघा शाबूत आहेत. एकही झिजलेली नाही. तेव्हा ते बोट हिचं नाही. असूच शकत नाही. कोर्टात सांगायला सांगाल तर कोर्टात सांगेन."

दामोदर पहिल्यांदा ताठ उभा राहिला आणि बायकोजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "आतेचे ठसे रवले."

आता इथे मला वाटलं होतं ती टाळाटाळ करील. मधुमेह सांगेल, सोवळं सांगेल. पण नाही! तिने हात असा पुढे केला की जणू आरती ओवाळून घ्यायला उभी आहे. "घे. माझे काय येवचे नायत. जन्मभर ह्या घराची तांब्यापितळेची भांडी घासलंय मी. माझे हात हिच्यापेक्षा झिजलेले." बाईचा स्वतःच्या बोलण्यावर पुरता विश्वास होता. इतकी वर्षं सांगून सांगून तिला ते खरंच वाटू लागलं होतं. मी तिचा अंगठा शाईवर फिरवला, मग तर्जनी. कागदावर टेकली. काय सांगू! माझ्या आख्ख्या नोकरीत इतका देखणा ठसा मी घेतला नाही. तान्ह्या बाळाचं बोट असावं तसा. एकेक रेघ मोजून घ्यावी.

आंतोन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. तो म्हणाला, "अरे वा! साबण खंयचो वापरता, आते?"

मी भिंग लावलं. भोवरा तोच, मधला फाटा तोच, बाजूची तुटकी रेघ तीच. पुढचं कचेरीत बसून शंभरदा ताडून बघायचं असतं, पण मला तिथेच कळलं होतं. मी आतेला म्हटलं, "जरा आत या." स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "गोफ मी खाली काढू, की तुम्ही काढता?"

"माझे गुडघे..." ती म्हणाली.

"सकाळी स्टुलावर चढताना होते तेच ना?"

तिचा चेहरा एकदम लहान झाला. म्हणाली, "चोरूक नाय होता गे. हिका जरा धडो शिकवचो होतो. गणपतीची खोली हिच्या ताब्यात, कितको वेळ हिच्या ध्यानात येणा नाय ता बघूया म्हटला. तर ही मेली लगेच बोंबललां. नि त्या दामूने फोन केल्यान. मगे काय करतलंय? माटोळी सोडताना हळूच काढूया म्हटला." आणि मग माझ्या हातावर हात ठेवून, "कोणाक सांगू नको गे बाय. माझी शोभा होतली."

"तुमची शोभा होईल," मी म्हटलं, "आणि त्या पोरीचं काय होणार होतं? तुम्ही स्वतः सांगा. विसर्जनाची पूजा व्हायच्या आत. नाहीतर मी सांगते, माझ्या पद्धतीने, कागदावर."

तिने सांगितलं. रूपालीचा भाऊ मोटरसायकल घेऊन दारात येऊन उभा होता, त्याच्यासमोर सांगितलं. चोरांच्या भयाने मीच वर ठेवला आणि विसरले, असं स्वतःला जमेल तेवढं सारवून सांगितलं. आबांनी वर माटोळीकडे बघितलं, मग स्टुलाकडे, मग बहिणीच्या गुडघ्यांकडे. आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्याने बोलले, "म्हणजे आते, तू चढतंस? आणि हात... तुझे हात झिजूकच नाय?" घरातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझी खात्री आहे, गोफ चोरला असता तर त्यांनी तिला माफ केलं असतं. पण इतकी वर्षं झिजलेल्या हातांचं ऐकून घेतलं, त्याचा हिशेब मोठा होता.

आबांनी गोफ खाली काढला आणि आतेच्या हातात दिला. तिने तो रूपालीच्या हातात ठेवला आणि म्हणाली, "तूच घाल देवाक." एवढंच. रूपालीने काळ्या बोटांनी गोफ देवाच्या गळ्यात घातला. भाऊ जेवून, विसर्जन करून एकटाच गाडीवरून परत गेला.

आम्ही निघताना रूपाली गाडीपर्यंत आली. दोन्ही हात माझ्यापुढे पसरून म्हणाली, "बाई, बघा ना. माझ्या रेघा परत येतल्या?" इतक्या वर्षांत मी कुणाचं भविष्य सांगितलं नव्हतं. पण तिच्या मागे दामोदर उभा होता, आबा उभे होते, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "येतील. ह्या घरात दुसऱ्या कुणी भांडी घासली तर येतील."

त्यानंतर मी त्या घरी पुन्हा गेले नाही. पोलिसांचं पाऊल घरात पुन्हा पडू नये हेच बरं. मी निवृत्त झाले, आंतोनही झाला, पेटी नव्या मुलीकडे गेली. ती मुलगी हुशार आहे, तिला अजून एकदाही कुणी चहा सांगितलेला नाही. मला कधी कधी वाटायचं, त्या पोरीची चोरी मी उतरवली खरी, पण मोरीतला तो डोंगर? तो कुणी उतरवला असेल? घरात चुकीचं बोट शोधता येतं, पण उद्या सकाळी राखेचा वाडगा कोण उचलणार हे आमच्या शास्त्रात येत नाही.

यंदाच्या चवथीनंतर एका सकाळी धारगळला आमच्या दारात मोटरसायकल थांबली. दामोदर आणि रूपाली. अंगाने जरा भरलेली, बोलण्यात टवटवी आलेली. तिने पिशवीतून आधी नेवऱ्यांचा तुपकट डबा काढला, मग माटोळीचं पपनस काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या पुढे धरलं. त्याच्या एका बाजूला कुंकवाचा लाल डाग.

"ता आतेन लावलेला," रूपाली हसत म्हणाली. "मुद्दाम बोट दाबून धाडल्यान. म्हणाली, सुमतीबाईक दी नि सांग, आता घे म्हणावा माझो ठसो!"

मी भिंग आणलं. जुनी खोड. कुंकवात नुसता लाल डाग होता, रेघेचं नाव नाही.

"हे कसं काय?"

"त्या दिसापासून जिद्दीक पेटली," दामोदर म्हणाला. "चवथीक येता ती मोरीतच बसता. कोणाक भांड्याक हात लावक देणा नाय. गेल्या वर्षी आतेचे यजमान वारले तशी ती आमच्याकडेच रवली. आता बारा म्हयने तीच घासता, नि घासता घासता रूपालीक शिव्या देता."

"मी म्हणतंय, आते, सोड," रूपाली म्हणाली, "तर म्हणता, बाईक दाखवल्याबगर सोडचंय नाय."

मी पपनस फिरवलं. दुसऱ्या बाजूला, जिथे रूपालीने आताच धरलं होतं तिथे, नेवरीच्या तुपाची बोटं लागली होती. उजेडाकडे तिरकं धरलं आणि बघितलं. चारही बोटांवर रेघा. वळणं, फाटे, सगळं जागच्या जागी. मी भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बघ. तुझ्या आहेत."

तिने भिंगातून एकेक बोट बघितलं. मग तिने पदर तोंडाला लावला.

आमची आई आता फार म्हातारी झालीय, पण कान शाबूत आहेत. तिने आतून सगळं ऐकलं, काठी टेकत कुंपणाशी गेली आणि शेजारणीला ओरडून सांगितलं, "आयकलंस गे? आमच्या सुमतीन त्या चेडवाचो हात बघून सांगितला होता, ता सगळा खरा झाला!"

दुसऱ्या सकाळी पडवीत माणसं हात पुढे करून बसलेली. ह्या खेपेला मी कुणाला परत पाठवलं नाही. भिंग घेतलं आणि बायकांचे हात आधी बघायला बसले.